जातमुचलक्यातली 'जात' कुणाची?

प्रश्न असा आला आहे: "भाच्याच्या मित्राला भांडणात अटक झाली. पेपरात आधी आलं, 'न्यायालयीन कोठडी सुनावली', आणि दोन दिवसांनी, '१५ हजारांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर जामीन'. कोर्ट जात कशाला बघतं? आणि त्याने १५ हजार भरले असं समजायचं का?"

ही जात ती नव्हे. आपली नेहमीची 'जात' संस्कृत 'जाति'वरून आली. मुचलक्याला चिकटलेली जात अरबी आहे आणि तिचा अर्थ स्वतः, खुद्द. 'साहेब जातीने हजर होते' म्हणताना आपण हीच वापरतो, तिथे कुणी दचकत नाही. 'मुचलका' तुर्की-मंगोल वळणाचा शब्द, अर्थ लेखी हमी. तेव्हा जातमुचलका म्हणजे आपणच आपल्यासाठी लिहून दिलेली हमी. त्याआधी पुन्हा 'वैयक्तिक' लावणं म्हणजे पिवळा पीतांबर. पण बातमीदारांची ही सवय काही सुटत नाही.

पैसे भरलेले नसतात. 'बोलावल्या तारखेला आलो नाही, तर एवढी रक्कम देणं लागेन' असं लिहून द्यायचं आणि घरी जायचं. खरोखर पैसे भरायला लावले तर त्याला रोख जामीन म्हणतात. वकील मंडळी मराठीत बोलतानाही जातमुचलक्याला 'पीआर बॉण्ड'च (पर्सनल रेकग्निझन्स बॉण्ड) म्हणतात, जातमुचलका उरलाय तो कागदावर आणि बातमीत.

'जामीन'ची गंमत याहून मोठी. मूळ अरबीत जामीन म्हणजे माणूस, हमी घेणारा. हमी या गोष्टीला वेगळा शब्द आहे, हिंदीने तोच घेतला: जमानत. मराठीने माणसाचाच शब्द सुटकेला दिला. 'मी त्याला जामीन राहिलो' यात जुना अर्थ अजून शाबूत आहे, 'त्याला जामीन मिळाला' यात माणूस गायब. मग हरवलेल्या माणसासाठी आपण शेपूट जोडून 'जामीनदार' घडवला! जुन्या कागदांत हे प्रकार नीट वेगळे असत: माणसाला हजर करण्याची हमी घेणारा हाजीरजामीन, पैशाची हमी घेणारा मालजामीन. आजचा जामीनदार दोन्ही अंगांनी अडकतो. आरोपी पळाला तर भुर्दंड त्याला, म्हणून तर कोर्ट त्याच्याकडे ऐपतीचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती असलं काही मागतं.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती आली, आणि जामीनदारासह दिलेलं बंधपत्र व त्याच्याशिवाय दिलेलं बंधपत्र हेही तिथे वेगळं केलं आहे. आपल्या भाषेत हा भेद आधीपासून होता.

आता कोठडी. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. तिथे पोलिसांना तपासासाठी माणूस ताब्यात हवा असेल तर पोलीस कोठडी, नसेल तर न्यायालयीन. कोर्टाच्या आवारातल्या बोलीत पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड) आणि एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड). न्यायालयीन कोठडीची खोली न्यायालयात नसते, रवानगी तुरुंगात होते. 'एमसीआर झाली' हे घरच्यांना वाईट वाटतं, वकील मात्र तेव्हाच जामिनाचा अर्ज पुढे सरकवतो, कारण पोलिसांचं काम बहुधा उरकलेलं असतं. 'सुनावली' हे क्रियापद मला खटकतं. सुनावतात ती शिक्षा. इथे खटला उभाही राहिलेला नाही. 'कोठडी दिली' एवढं पुरे.

जाता जाता, 'अजामीनपात्र' शब्दानेही घाबरू नका. त्यातल्या 'अ'चा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मागता येतो, अजामीनपात्र गुन्ह्यात द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं.