वाचकांचे प्रश्न : रंगकामानंतर बिघडलेले चार्जिंग

प्रश्न : माझ्याकडे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आधीच्या मालकाने तिला अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बसवून घेतला होता; त्याचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाहेर, वेगळ्या डब्यात आहे. दिवाळीपूर्वी मी गाडीचे संपूर्ण रंगकाम करून घेतले. तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि हेडलाइटचे दोन बल्बही उडाले. रेग्युलेटर दोनदा बदलला, तरी रेस दिल्यावर मीटर 16 व्होल्ट दाखवतो. आता अल्टरनेटर बदलावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बदलू नये. 16 व्होल्ट देणाऱ्या अल्टरनेटरची ताकद शाबूत आहे. त्याला आवर घालणारे कोणी उरलेले नाही, एवढेच. आपल्या पत्रातला कळीचा शब्द ‘रंगकाम’ हा आहे.

जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये एक कॉइल आणि तिच्या ओढीने उघडणारे पॉइंट असतात. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे साधारण 14 व्होल्टला पोहोचले की कॉइल पॉइंट उघडते, अल्टरनेटरच्या फील्डला (त्यातले चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलला) जाणारा करंट कमी होतो, व्होल्टेज उतरते आणि पॉइंट पुन्हा मिटतात. हा खेळ सेकंदाला अनेक वेळा चालतो. या कॉइलचे एक टोक मात्र रेग्युलेटरच्या डब्यालाच जोडलेले असते आणि डब्याला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी गाडीच्या पत्र्यातून होणारी जोडणी) मिळतो तो ज्या पत्र्यावर तो बसवला आहे त्या पत्र्यातून. त्या पत्र्यावर प्रायमर आणि रंगाचे थर चढले की अर्थ अर्धवट राहतो किंवा तुटतोच. मग कॉइलला खरे व्होल्टेज कळत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि फील्डला पूर्ण करंट जात राहतो. दोन्ही वेळा नवा रेग्युलेटर त्याच रंगावर बसवला गेला असेल, तर तिसरा आणूनही फरक पडणार नाही.

खात्री करणे सोपे आहे. इंजिन चालू ठेवून, रेस थोडी वाढवून, मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल वायर रेग्युलेटरच्या डब्याच्या उघड्या धातूवर टेकवावी. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर दोष तिथेच आहे. स्क्रूखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. मी याशिवाय डब्यापासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर टाकतो. दिसायला ती फारशी शोभत नाही, पण पुढच्या रंगकामाची चिंता राहत नाही.

अर्थ निर्दोष निघाला तर पॉझिटिव्ह बाजू तपासावी. रेग्युलेटरला करंट इग्निशन स्विचमधून येत असेल आणि स्विचचे जुने कॉन्टॅक्ट एक व्होल्ट खात असतील, तर रेग्युलेटरला 14 दिसतात तेव्हा बॅटरीवर 15 असतात. बॅटरी पॉझिटिव्ह आणि रेग्युलेटरचे इनपुट टर्मिनल यांच्यातही असेच मोजून पाहावे. दुरुस्तीनंतर बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले की काम झाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकडा खालच्या बाजूला असलेला बरा. तोपर्यंत गाडी बंद खोलीत ठेवू नये आणि बॅटरीजवळ काडी ओढू नये, कारण अति चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची 1955 सालची ‘डुक्कर फियाट’ आहे. सिग्नलला थांबल्यावर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. मेकॅनिक म्हणतात, डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचे, चार्जिंगचे जुने यंत्र) काढून अल्टरनेटर बसवा. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रेस दिल्यावर दिवा पूर्ण विझत असेल तर तो बिघाड नाही, डायनामोचा स्वभाव आहे. डायनामोत वीज आर्मेचरमध्ये, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागात, तयार होते आणि सगळा करंट त्यावर घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांमधून बाहेर येतो; त्यामुळे मंद गतीला त्याच्याकडून फारसे काही मिळत नाही. बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून कटआउट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्या वेळी जोडणी तोडतो. अल्टरनेटरमध्ये हेच काम डायोड करतात.

त्या काळातले छोट्या गाड्यांचे डायनामो साधारण 16 ते 22 अँपिअर देत. 45 वॅटचे दोन हेडलाइट सात-साडेसात अँपिअर घेतात. टेल लाइट, इग्निशन आणि वायपर धरून हिशेब 15 च्या आसपास जातो. म्हणजे मूळ बल्ब असतील आणि रस्ता मोकळा असेल तर डायनामो पुरतो. 60 वॅटचे हॅलोजन लावून पावसाळी रात्री गर्दीत अडकल्यास पुरत नाही. रविवारी सकाळी फेरफटका आणि वर्षातून एखादी रॅली एवढाच वापर असेल, तर माझे मत डायनामो ठेवण्याचे आहे. कार्बन बदलून, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो आर्मेचरचा भाग) साफ करून आणि पट्ट्याचा ताण नीट ठेवून तो आणखी बरीच वर्षे चालेल.

बदलायचेच ठरले तर जुन्या कटआउटच्या डब्याला वळसा घालून वायरिंग करावे लागेल. रिकामा डबा शोभेपुरता जागेवर राहू द्यावा. बॅटरीकडे जाणारी मुख्य वायर अल्टरनेटरच्या क्षमतेनुसार जाड घ्यावी. लाल दिव्यातून जाणाऱ्या करंटवरच अनेक अल्टरनेटर जागे होतात, म्हणून तो बल्ब उडालेला ठेवू नये. काढलेला डायनामो मात्र भंगारात देऊ नये. गाडी मूळ रूपात आणायची झाल्यास तोच लागेल.

प्रश्न : इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग तपासण्याची पद्धत योग्य आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. डायनामोच्या काळात ही युक्ती खपून जात असे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जळू शकतो. बॅटरीवर मल्टिमीटर लावून इंजिन सुरू करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा पाहावा. चार्ज असलेली बॅटरी आधी 12.6 च्या आसपास असते आणि नंतर आकडा 14 कडे चढला पाहिजे.