खेळ जरूर आणा, पण बालविभागात क्रमवारीचा फळा नको

गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुले टिकावीत म्हणून गुण, बिल्ले आणि क्रमवारी असलेली योजना आखावी का व त्यासाठी कोणते ॲप घ्यावे, असे आपण विचारले आहे. ॲपविषयी मला सांगण्यासारखे फार नाही, कारण आमचे सारे पुठ्ठ्याच्या कार्डांवर आणि रबरी शिक्क्यावर भागले. क्रमवारीविषयी मात्र बोलायलाच हवे, कारण ती चूक माझ्याच हस्ताक्षरात झालेली आहे.

तालुक्याच्या ‘ब’ वर्ग ग्रंथालयात मी ग्रंथपाल असताना, उन्हाळी सुट्टीत सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या मुलाला दप्तर देण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवले आणि रोज संध्याकाळी फळ्यावर आकडे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्याच आठवड्यापासून मुले सकाळी नेलेले पुस्तक दुपारी देवघेवीच्या टेबलावर आणून टाकू लागली आणि कपाटात पातळ चित्रकथा उरेनाशा झाल्या. पहिल्या आलेल्या मुलाच्या नावावर ६४ पुस्तके होती. त्यांतल्या एकाची दोन पाने छापखान्यातून आली तशी, कडेला न कापलेली निघाली. एक मुलगी महिनाभर एकच जाडजूड कादंबरी मुदत वाढवून वाचत होती. तिच्या नावापुढे शेवटपर्यंत ‘१’ राहिला आणि ती फळ्याकडे पाठ करून बसू लागली.

पुढच्या वर्षी मी हट्टाने शोधखेळ घेतला. ‘वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक) ५९८ गाठा, तिथले सर्वांत जाड पुस्तक काढा, घरट्याचे चित्र शोधा’ अशी चिठ्ठी द्यायची आणि त्या पानात ६४१ कडे, म्हणजे पाकशास्त्राकडे, नेणारी पुढची चिठ्ठी ठेवायची. वटवाघूळ ५९८ च्या पक्ष्यांत का नाही, ५९९ च्या सस्तन प्राण्यांत का, यावरून दोन मुले इतकी भांडली की निकालासाठी त्यांनी स्वतःच तीन पुस्तके उघडली.

आमच्या कार्यवाहांना हा पोरखेळ वाटला. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र त्यांनी भर सभेत माझ्यावर फेकले. तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे आणि पक्ष्यांचे ते पुस्तक गेली कित्येक वर्षे कोणी नेलेले नाही, हे मी दाखल क्रमांकानिशी (ग्रंथालयाच्या नोंदवहीतल्या क्रमांकासह) सांगितले; पण सभेचा वेळ संपला होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०११ मध्ये, मुख्य इमारतीच्या शताब्दीनिमित्त, ५०० जणांना रात्रभर आत ठेवून शंभर वस्तू शोधायला लावल्या, हे तेव्हा हाताशी असते तर बरे झाले असते. ब्रिटनमध्येही १९९९ पासून सुट्टीतल्या वाचन उपक्रमात मुलाने आपल्या आवडीची, सहसा सहा, पुस्तके वाचायची एवढेच ठरलेले असते. तिथे कोणी कोणाच्या पुढे नसते.

दोन अडचणी सांगायच्या राहिल्या. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक काढू देण्याची मुभा, नसेल, कपाटांना कुलपे असतील, तर शोधखेळ अशक्यच आहे. शिवाय पुस्तके भलत्याच फळीवर जातात. मला रोज तासभर ती जागेवर लावावी लागत, आणि वृत्तपत्रे वाचायला येणारे ज्येष्ठ सभासद गोंगाटाबद्दल तक्रारवहीत लिहीत ते वेगळेच. त्या तक्रारीही कार्यवाहांनी पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवल्या.