बेंचवरची मुलगीही संघातच असते, पण ते कागदावर दिसलं पाहिजे

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. लेक राज्याच्या बास्केटबॉल संघात गेली, बारा जणींत नाव आलं, आणि पहिल्या दोन मॅचमध्ये तिला एकदाही उतरवलं नाही. आता घरचे म्हणतात, खेळ बंद करा आणि लातूरला क्लास लावा. मी मराठवाड्यातलीच, राज्याकडून बेंचवरूनच, म्हणजे राखीव म्हणून, खेळलेली, आता मुलींना शिकवते. तुमच्या घरात जे बोलणं चालू आहे ते आमच्याही घरात झालंय.

खेळाचे नियम सांगत बसत नाही, तुम्हाला ठाऊक असतीलच. फक्त मिनिटांचा हिशेब बघा. आपल्याकडे फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी मॅच 40 मिनिटांची, कोर्टवर पाच जणी, म्हणजे 200 मिनिटं वाटायची. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, 48 मिनिटं, म्हणजे 240. त्याच पाच जणी शेवटपर्यंत तेवढ्याच दमाने पळू शकत नाहीत. औत थांबू नये म्हणून आपण बैलजोडी बदलतो, तसंच आहे हे. म्हणून व्यावसायिक संघात साधारण आठ ते दहा जणांना आळीपाळीने उतरवायचं रोटेशन ठरलेलं असतं आणि बेंचवरच्या प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन चाल रचणारीला, पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल लागले की कोच तिला बसवतो, कारण पाचव्या फाउलला ती बाहेरच जाणार. तिच्या जागी जी येते तिने पॉइंट करावेत अशी अपेक्षा नसते. प्रेस लागलेला असताना, म्हणजे समोरच्या मुली कोर्टभर अंगावर येत असताना, बॉल न गमावता पुढे न्यायचा, एवढंच. एखादीला फक्त शेवटच्या बचावासाठी उतरवतात. आणि जी मॅचमध्ये उतरतच नाही, ती सरावात समोरच्या संघाच्या चाली खेळून दाखवते, म्हणजे पहिल्या पाच जणींची तयारी होते. हे काम प्रेक्षकाला दिसत नाही, पण त्याच्यावाचून संघ उभा राहत नाही.

स्टीव्ह कर हा एनबीएतल्या शिकागो बुल्स संघाचा बेंचवरचा खेळाडू. 1997 च्या अंतिम मालिकेत युटाविरुद्धच्या सहाव्या मॅचमध्ये संघाचा मोठा खेळाडू मायकल जॉर्डन याने त्याला पास दिला आणि निर्णायक बास्केट त्याने केली. पुढे तोच गोल्डन स्टेट या एनबीए संघाचा कोच झाला आणि आंद्रे इगुओडालासारख्या मोठ्या खेळाडूला त्याने बेंचवर बसवलं. 2014-15 च्या साखळी सामन्यांत इगुओडाला 77 मॅच खेळला, पण एकाही मॅचला तो सुरुवातीच्या पाच जणांत नव्हता. अंतिम मालिकेत चौथ्या मॅचपासून त्याला सुरुवातीला उतरवलं आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तुमच्या लेकीला हे दोघं यूट्यूबवर दाखवा, पण बॉल त्यांच्या हातात नसताना ते काय करतात ते बघायला सांगा.

तिने बेंचवर काय करायचं, तर आपल्या जागेवर खेळणाऱ्या समोरच्या मुलीवर डोळा ठेवायचा. ती कोणत्या हाताने ड्रिबल करते, दमली की कुठे ढिली पडते. फिबाच्या नियमात बदली मागायला कोच जात नाही, खेळाडूनेच स्कोअरटेबलपाशी जाऊन खूण करायची असते आणि तिथल्या तिथे खेळायला तयार असावं लागतं. सर हाक मारतात आणि पोरगी ट्रॅकपँटची चेन शोधत बसते, तेवढ्यात बॉल परत खेळात येतो. मी हे दरवर्षी बघते. ट्रॅकपँट मॅच सुरू व्हायच्या आधीच उतरवून ठेवायची, बुटाच्या नाड्या दर टाइमआउटला बघायच्या.

आणि सरांना “हिला का खेळवत नाही?” असं तुम्ही विचारू नका. लेकीनेच जाऊन विचारू द्या, “सर, या संघात माझं काम काय?” हे माझं मत आहे, सगळ्यांना पटेल असं नाही. पण ज्या कोचला याचं उत्तर देता येत नाही, तिथे मात्र मी माझं लेकरू जास्त दिवस ठेवणार नाही.

आता खरं दुखणं. मला सर्वांत जास्त महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. आमच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं होतं, बाराही जणींना. नोकरीसाठी प्रमाणपत्राची पडताळणी करायला गेले तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुम्ही संघात होता एवढंच दिसतंय, खेळल्याचं दिसत नाही.” स्कोअरशीटवर नावापुढे एक रकाना असतो. पहिल्या पाच जणींच्या फुलीभोवती गोल करतात, नंतर उतरणारीला नुसती फुली मिळते. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, बाकीच्याला निळा किंवा काळा. मी तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरले होते, म्हणजे माझ्या नंबरपुढे लाल फुली होती. ती मी डोळ्यांनी बघितली होती. पण तो कागद कुणाकडेच सापडेना. आयोजक म्हणाले संघटनेला विचारा, संघटना म्हणाली कार्यालयाला विचारा, कार्यालय म्हणालं आयोजकांकडून आणा. पहाटेची एसटी धरून जायचं आणि साहेब दौऱ्यावर आहेत एवढं ऐकून परत यायचं. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला तेव्हा कागद हलला. पडताळणी झाली, पण तोवर भरतीची यादी लागून गेली होती. नियमाने मिळालेलं पदक, आणि बेंचवर होते म्हणून मी जणू फुकटची मानकरी! याचा राग अजून गेलेला नाही.

मी वकील नाही, नियम बदलत असतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचा. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याचा मुख्य शासन निर्णय 1 जुलै 2016 चा, नंतर सुधारणाही झाल्या आहेत. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते ते त्यातच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. प्रमाणपत्र हातात आलं की जाहिरातीची वाट न बघता पडताळणीला टाका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेसारखंच हवं, वडिलांचं नाव आणि आडनावाचा क्रमसुद्धा. यात एका अक्षराने अडकलेल्या मुली मला माहीत आहेत.

क्लासचं म्हणाल तर बारावीला सराव कमी करा, बंद करू नका. सकाळचा एक तास पुरतो.

स्पर्धा अजून चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, तर संघाच्या मॅनेजरना आजच फोन करा. पंचांच्या सह्या झाल्यावर प्रत्येक मॅचच्या स्कोअरशीटचा फोटो काढून ठेवायला सांगा, ज्या मॅचमध्ये लेक उतरली नाही तिचासुद्धा, कारण बारा जणींच्या यादीत तिचं नाव आणि नंबर तिथे असतो. संघाच्या यादीवर सचिवांची सही-शिक्का तिथेच घ्या. सगळे आपापल्या गावी पांगले की हे गोळा करायला वर्ष जातं.