मुलाच्या दप्तरात सुपारीच्या पुड्या सापडल्या. गोष्ट तंबाखूपर्यंत जाऊ नये म्हणून आत्ताच काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, शाळा परळला, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात गोड सुपारीच्या दोन पुड्या सापडल्या. शाळेच्या कोपऱ्यावर टपरी आहे आणि घरात आजोबा तंबाखू मळतात. ओरडायचं की दुर्लक्ष करायचं?

दोन्ही नको. आधी त्या पुड्या नीट वाचा. तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत चित्रासह इशारा छापावाच लागतो. सुपारी आणि पानमसाल्याच्या पुडीवर तसं चित्र नसतं, फक्त लेखी सूचना असते. मुलं त्यावरूनच ठरवतात की चित्र नाही म्हणजे हे चालतंय. पण नुसती सुपारीही, तंबाखूचा कण नसताना, कर्करोगाला कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात तसं स्पष्ट नोंदवलं आहे. पानमसाल्याच्या पुडीबरोबर छोटी वेगळी तंबाखूची पुडी सापडली तर तो गुटखाच समजा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. म्हणून माल दोन पुड्यांत विभागून विकतात आणि तोंडात टाकण्याआधी एकत्र करतात.

दुसरं काम, त्याचं तोंड बघा. उजेडात बसवून तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटं (तर्जनी, मधलं आणि अनामिका) उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील, गालाची आतली बाजू पांढुरकी किंवा ताठ लागत असेल, नेहमीची मिसळ किंवा ठेचा अचानक झोंबायला लागला असेल, तर सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आकसायला लागलेलं असू शकतं. हा आजार शाळकरी वयातही होतो आणि एकदा आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही, म्हणून थांबायचं नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, यासाठीही दंतवैद्याकडे जा. तुमच्या भागातून मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्ही सोयीचे आहेत.

आता मूळ मुद्दा. शाळांमधून तंबाखूप्रतिबंधाचं काम करणारे आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: मुलाला कर्करोगाची चित्रं दाखवण्यापेक्षा पहिली पुडी त्याच्या हातात कुठे, किती वाजता आणि कोणाकडून आली ते शोधा. चौदा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या आजाराची भीती वाटतच नाही, आणि समोर आजोबा धडधाकट दिसत असतात. पण पुडीची जागा आणि वेळ जवळजवळ ठरलेली असते. शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतची पंधरा मिनिटं, क्लासच्या दोन तासांमधली सुट्टी, दहीहंडीचा रात्रीचा सराव, गणपतीत मंडपातलं जागरण. या वेळी मोठी मुलं हजर असतात, पैसे सुटे असतात आणि लक्ष ठेवणारं कोणी नसतं. पंधरा मिनिटांची ती फट बंद केली तरी निम्मं काम होतं. शाळेतून थेट मैदानावर किंवा तालमीत जाणारा मुलगा टपरीसमोर रेंगाळत नाही.

हे कळायचं तर बोलणं तसं हवं. समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतली की मुलगा दोनच उत्तरं देतो: "माझी नाहीये" आणि "मित्राने ठेवली." त्यापेक्षा बाजारातून चालत येताना किंवा भांडी आवरताना विचारा: "त्या सुपारीच्या पुड्या दिसल्या मला. मी चिडलेले नाही. कोण कोण खातं तुमच्यात? कशी लागते?" पहिल्या दिवशी फक्त ऐका. शिक्षा, मोबाइल काढून घेणं, रोज दप्तर तपासणं, यांनी पुडी थांबत नाही, ती फक्त मित्राच्या दप्तरात जाते. मारल्यावर तर पुढच्या वेळी खरं कळण्याचा रस्ताच बंद होतो. "त्या मुलाबरोबर बोलायचं नाही" हा हुकूमही चालत नाही, कारण तो मुलगा बहुतेक वेळा त्याच बाकावर बसतो.

एक आकडा त्याला जरूर सांगा. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण धरलं तर पाच मुलं. पंचावन्न जणं वापरत नाहीत. "सगळेच खातात" असं मुलांना मनापासून वाटत असतं, कारण खाणारे पाच जण नाक्यावर उभे दिसतात आणि न खाणारे सरळ घरी जातात. हा समज मोडला की मोहाचा जोर उतरतो. त्याच सर्वेक्षणात चघळायची तंबाखू सुरू करण्याचं मधलं वय 9.9 वर्षं निघालं, म्हणजे वापरून पाहिलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी त्याआधीच सुरुवात केली होती. त्यामुळे आठवी-नववीत दिलेलं भाषण अनेकांच्या बाबतीत उशिरा पोहोचतं. घरात धाकटं भावंड तिसरी-चौथीत असेल तर त्याच्याशी याच आठवड्यात बोला.

नकार द्यायचा सराव घरी करून घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण ऐन वेळी तोंडातून तयार वाक्यच बाहेर पडतं. दबाव धमकावून येत नाही, प्रेमाने येतो: "घे ना, एक दाणा फक्त." तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत साधा आग्रह. दुसऱ्यात टोमणा, "घाबरतो काय, मम्मीचा मुलगा". तिसऱ्यात दोघं-तिघं मिळून हसणारे. उत्तर छोटं ठेवायला शिकवा: "नको, मला नाही आवडत. चल, बस जाईल." कारणं देत बसला की वाद सुरू होतो, आणि वादात मोठी मुलं जिंकतात. एकदा भूमिका उलट करा, तो आग्रह करेल आणि तुम्ही नाही म्हणा. आग्रह कसकसा होतो ते तुम्हाला तेव्हाच कळेल, त्याच्याच शब्दांत.

आता घरातलं, जे सगळ्यात अवघड. "जा रे, कोपऱ्यावरून माझी पुडी घेऊन ये" हे आजपासून बंद. यात दोन नुकसानं आहेत. टपरीवाल्याला मुलाचा चेहरा गिऱ्हाईक म्हणून पाठ होतो, आणि पुडी हातात असणं मुलाला नेहमीचं वाटायला लागतं. तंबाखू मळून देणं, डबीत चुना भरून देणं हेही नको. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या अस्तरातून जास्त वेगाने रक्तात शिरतं, शिवाय चुना स्वतः अस्तर भाजतो. मळणाऱ्या बोटांवरचा चाटलेला तुकडासुद्धा लहान मुलाला गरगरवतो. आजी मिश्री लावत असेल तर ती दात घासायची वस्तू नसून भाजलेली तंबाखूच आहे, आणि मुलांच्या दुखऱ्या दाढेवर ती कधीही लावायची नाही. आजोबांशी भांडण नको. नातवासमोर खायचं नाही आणि डबी खिडकीत ठेवायची नाही, एवढं मागा. आणि जमलं तर नातवाला त्यांनीच सांगावं की सवय कशी लागली आणि सुटता का सुटत नाही. तुमच्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त ऐकलं जातं.

टपरीचं काय करायचं? 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम 6 दोन वेगळ्या गोष्टी सांगतं आणि लोक त्यांची गल्लत करतात. 18 वर्षांखालच्या कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकणं कुठेही गुन्हा आहे. शिवाय शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत कोणालाही विकायला बंदी आहे. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, आणि ते अंतर गेटपासून चालत मोजायचं नाही, कुंपणाच्या भिंतीपासून सरळ रेषेत चहूबाजूंना मोजायचं. मोबाइलच्या नकाशावर दोन मिनिटांत होतं. दाट वस्तीत गेटपासून लांब वाटणारी टपरी मागच्या भिंतीपासून तीस मीटरवर निघते. मात्र ही अंतराची अट मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांसाठी आहे, खासगी क्लासखालच्या टपरीवर 18 वर्षांचंच कलम वापरावं लागतं. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे. ती महत्त्वाची आहे, कारण खिशातल्या सुट्या पैशांत मुलाला एकच सिगारेट परवडते.

कलम 6 चा दंड जेमतेम 200 रुपयांपर्यंत आहे आणि टपरीवाला तो भरून मोकळा होतो. त्यामुळे अर्जात बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 आवर्जून लिहा. बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. अर्ज एकट्याने करू नका. चार-पाच पालकांच्या सह्या, टपरीची जागा, भिंतीपासूनचं अंतर, मुलं तिथे असण्याची वेळ, आणि मुलांचे चेहरे न दिसणारा फोटो, एवढं जोडून मुख्याध्यापकांना द्या, प्रत पोलीस ठाण्याला, पोचचा शिक्का घेऊन. गुटखा-पानमसाल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. शाळेला विचारा की केंद्राच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्था मार्गदर्शिकेप्रमाणे गुणपत्रक भरलं आहे का, आणि 100 यार्डांची पिवळी रेषा रस्त्यावर मारली आहे का. कारवाईनंतर टपरी काही दिवसांनी पुन्हा उभी राहते, म्हणून महिन्याभराने पुन्हा बघून जा.

व्हेपबद्दल (म्हणजे ई-सिगारेटबद्दल) थोडं, कारण टपरीवर नजर ठेवणाऱ्या पालकांकडून नेमकं हेच सुटतं. 2019 पासून देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्याला बंदी आहे, तरी माल समाजमाध्यमांवरून मागवून कुरियरने येतो. वस्तू पेन ड्राइव्ह किंवा हायलाइटरसारखी दिसते, वास आंबा किंवा पुदिन्याचा येतो, कपड्यांना सिगारेटचा वास लागत नाही. मोबाइल पेमेंटमध्ये अनोळखी नावाने गेलेले शेकड्यांतले पैसे, तोंड सतत कोरडं, बाथरूममध्ये वाढलेला वेळ, याकडे लक्ष द्या. पाच टक्के लिहिलेल्या 2 मिलिलिटरच्या एका व्हेपमध्ये 100 मिलिग्रॅम निकोटिन असतं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅम जातं. शिवाय बेकायदा मालावरच्या लेबलचा भरवसा काय? मुलाला पोलिसांची भीती घालू नका, या कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. "हर्बल" हुक्काही निर्धोक नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही छातीत जातो.

मुलगा तंबाखूपर्यंत पोहोचलेला असेल तर एक प्रश्न विचारा: सकाळी उठल्यावर किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत म्हणत असेल तर शरीर निकोटिनवर अवलंबून झालंय, नुसत्या निश्चयावर सोडू नका, डॉक्टरांची मदत घ्या. नाहीतर येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा, परीक्षेचा आठवडा टाळून. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण: चिडचिड, भूक, अभ्यासात लक्ष न लागणं, झोप बिघडणं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ एका वेळी तीन ते पाच मिनिटं टिकते, तेवढ्यात थंड पाणी घोटघोट पिणं, जिने चढून येणं, भाजलेले चणे किंवा बडीशेप चघळणं पुरतं. बडीशेपेच्या मुखवासात सुपारीचे तुकडे नाहीत ना, ते मात्र बघून घ्या.

राष्ट्रीय क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा) 1800-11-2356 हा क्रमांक मोफत आहे आणि तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. आधी तुम्ही स्वतः बोला, मग मुलाला जोडा. आजोबांनीही मनावर घेतलं तर डॉक्टरांना विचारून त्यांना 2 मिलिग्रॅमची निकोटिन गम घेता येईल. ती साध्या गमसारखी सलग चावली की उचक्या आणि मळमळ होते. हळू चावायची, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. 18 वर्षांखालच्या मुलाला ही गम स्वतःहून द्यायची नाही, आणि घरात आणलीत तर त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.