रिमोटने बंद, मीटरवर चालू

प्रश्न : दीड टनाचा हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी पावसाळाभर रिमोटने बंद असतो. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला, 0.2 अँपिअर दिसले. ‘बसल्या जागी 46 वॅट खातोय’ म्हणाला. खरं का?
– वाचक, पुणे

उत्तर : अँपिअर खरे, वॅट खोटे. आउटडोअर युनिटमध्ये वीज शिरते तिथेच फिल्टरचे कपॅसिटर असतात. ते प्रवाह घेतात आणि जवळजवळ सगळा परत करतात. साधा क्लॅम्प मीटर नुसता प्रवाह दाखवतो. त्याला 230 ने गुणून वॅट काढले की आकडा फुगतो. तुमचा घरगुती मीटर खरे वॅट मोजतो, तेव्हा त्यालाच विचारा.

एसी सोडून बाकीचे सगळे एमसीबी पाडा. फ्रिज आणि घरातला बॅटरी इन्व्हर्टर विसरू नका. मीटरवर ‘3200 इम्प’ असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे एका युनिटला लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि 1125 ला त्या सेकंदांनी भागा. 75 सेकंद लागले तर 15 वॅट. मीटर 1600 इम्पचा असेल तर 1125 ऐवजी 2250 घ्या. भार फार कमी असला तर काही मीटर लुकलुकतच नाहीत. अशा वेळी 60 वॅटचा जुना फिलामेंट बल्ब लावा. आधी बल्ब एकटा आणि मग बल्ब अधिक एसी, असे दोन्ही वेळा दहा-दहा लुकलुकींचे सेकंद मोजा. दहा लुकलुकी असल्यामुळे वरच्या आकड्याच्या दहापट (1125 ऐवजी 11250) घेऊन त्या सेकंदांनी भागा आणि दोन्हींचे वॅट काढा. वॅटमधला फरक तो एसीचा.

15 वॅट निघाले तर महिन्याला 10.8 युनिट. पण लगेच एसीला दोष देऊ नका. भिंतीवरच्या स्टॅबिलायझरकडे बघा. त्याचा ट्रान्सफॉर्मर रिमोटला जुमानत नाही, एसी बंद असला तरी गरम होत राहतो. हात लावलात तर कोमट लागेल. त्यामुळे चार महिने एसी लागणारच नसेल तर स्टॅबिलायझरच्या आधीचा स्विच बंद करा. पावसाळी विजांपासून पीसीबीही (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बऱ्याच अंशी वाचेल. रोज रात्री लागणाऱ्या एसीसाठी ही उठाठेव करू नका.

प्रश्न : आमच्याकडे हवेवर चालणारा, पाणी गरम करून घर तापवणारा हीट पंप आहे. उन्हाळ्यात हीटिंग बंद आणि अंघोळीचं पाणी दुसऱ्या हीटरवर, तरी हीट पंपाच्या वेगळ्या मीटरवर महिन्याला 25 युनिट पडतात. मेन स्विच पाडू का?
– वाचक, म्युनिक

उत्तर : 25 युनिटना 720 तासांनी भागलं की सरासरी साधारण 35 वॅट येते. नुसत्या कंट्रोलर आणि डिस्प्लेला हे जास्त आहे. आधी यंत्राचं तांत्रिक पत्रक काढा. युरोपीय संघाच्या 813/2013 या नियमानुसार त्यात चार आकडे वेगवेगळे द्यावे लागतात : बंद अवस्था, थर्मोस्टॅट-बंद (घर पुरेसं तापलं म्हणून थांबलेलं), स्टँडबाय (सुरू होण्याच्या सूचनेची वाट बघत जागं) आणि क्रँककेस हीटर. ते किलोवॅटमध्ये असतात; 0.015 म्हणजे 15 वॅट.

पत्रकापेक्षा तुमचा आकडा बराच मोठा असेल तर दोन संशयित. पहिला सर्क्युलेशन पंप, म्हणजे गरम पाणी घरभर फिरवणारा. मेनूमध्ये तो ‘सतत’वर ठेवलेला असेल तर घराला उष्णता नको असतानाही फिरत राहतो, त्याला ‘मागणीनुसार’वर आणा. रोज काही मिनिटं तो आपोआप फिरला तर फिरू द्या, अडकून बसू नये म्हणून ती सोय असते. दुसरा क्रँककेस हीटर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बुडाला गुंडाळलेला, आतलं तेल गरम ठेवणारा पट्टा. काही यंत्रांत वेगळा पट्टा नसतो, मोटरच्या वाइंडिंगमधूनच थोडा प्रवाह सोडतात. बाहेर 25 अंश असताना तो चालू राहत असेल तर त्याचा सेन्सर किंवा सेटिंग तपासून घ्या.

हा पट्टा मात्र कायमचा काढून टाकण्याची वस्तू नव्हे. बंद यंत्रात गॅस सर्वांत थंड जागी जाऊन बसतो. ती जागा बहुधा कॉम्प्रेसरच असते, आणि तिथे गॅस तेलात विरघळतो. सुरू होताच दाब उतरतो, गॅस उकळतो, तेलाचा फेस होऊन ते बाहेर फेकलं जातं आणि बेअरिंगं कोरडी फिरतात.

तरी जून ते ऑगस्ट मेन स्विच पाडायला हरकत नाही, फक्त मॅन्युअलमध्ये मनाई नाही ना ते बघा. सुरू करायच्या आधी मॅन्युअलमध्ये दिलेले तास, बऱ्याच यंत्रांना 12 ते 24, नुसता वीजपुरवठा देऊन ठेवा, म्हणजे तेल आधी गरम होईल. वाचतील 75 युनिट; युनिटला 30 सेंट धरले तर साडेबावीस युरो. थंडीत स्विचला हात लावू नका. मोनोब्लॉक (सगळं यंत्र बाहेरच्या एकाच पेटीत) असेल तर आउटडोअर युनिटमध्ये पाणी असतं. वीज गेली की गोठण्यापासूनचं संरक्षणही जातं आणि पाणी गोठून प्लेट हीट एक्स्चेंजर (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) फुटू शकतो. ती दुरुस्ती साडेबावीस युरोंत होत नाही.

प्रश्न : हीट पंप वॉटर हीटर कोणी पाणी न वापरताही दिवसातून एकदा सुरू होतो. बिघाड आहे का?
– वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टाकीतून झिरपलेली उष्णता तो भरून काढतो. हे स्टँडबाय नव्हे. तापमान 60 वरून 50 वर आणलंत तर झिरपही कमी होते. पण पाणी दिवसचे दिवस साचून राहत असेल तर आठवड्यातून एकदा 60 अंशांवर जाऊ द्या, लेजिओनेला जिवाणू मरावेत म्हणून. दिवसातून चार-पाच वेळा सुरू होत असेल, तर गरम पाण्याच्या पाइपाला हात लावून बघा. नळ बंद असूनही तो टाकीपासून दूरवर गरम लागला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बहुधा नीट बंद होत नाही.