खो-खोचे सर मारतात, शिव्या देतात. याचा मुलीच्या मनावर खरंच परिणाम होतो का? (धाराशिव)

होतो, आणि खेळ सुटल्यावरही तो राहू शकतो. सरावाच्या दिवशीच लेकीचं पोट दुखतं, रात्री ती दचकून उठते, असं तुम्ही लिहिलंय. ते नाटक समजू नका, सततच्या भीतीने असं होतं. पुढे नैराश्य, जेवण तुटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सगळ्यात वाईट म्हणजे पोर स्वतःलाच दोष देते, "मीच कमी पडते" म्हणते. संघातली निवड, दहावीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, सगळं सरांच्याच हातात आहे असं वाटतं, म्हणून आपल्याकडे पोरी घरीही बोलत नाहीत.

मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही, हे मला अजिबात पटत नाही. दम लागेपर्यंत पळवा की, पण वजनावरून, पाळीवरून, जातीवरून बोलायचं कशाला?

आधी तिचं ऐका, उलटतपासणी नको. मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, मुलांच्या मदतीसाठी १०९८, दोन्ही मोफत आहेत. लैंगिक छळाची शंका असेल आणि मुलगी १८ च्या आतली असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावातली वजनदार माणसं "मिटवून घ्या" म्हणतील, तरी मिटवू नका.