आखूड खेच असेल तर धनुष्य व बाण कसे निवडावेत

धनुष्य विकत घेण्याआधी तुमची खेच, म्हणजे दोरी पूर्ण ताणल्यावर धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर, मोजून घ्या. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे. 60 इंच भरले तर खेच साधारण 24 इंच येते. धनुष्यावर छापलेले वजन, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, बहुधा 28 इंच खेचेचे असते आणि खेच इंचभर कमी झाली की ते सुमारे दोन पाउंडांनी उतरते, म्हणून 24 पाउंडांचे धनुष्य तुमच्या हातात जेमतेम 16 पाउंडांचे भरेल, आणि सुरुवातीला तेवढेच बरे. मी मात्र हौसेने जड धनुष्य घेतले होते, आणि महिनाभर खांदा धरून बसलो. 62 इंचांचे, पाती (मुठीच्या वरचे व खालचे वाकणारे भाग) बदलता येणारे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, घ्यावे.

बाण खेचेपेक्षा किमान दोन इंच लांब ठेवा. आखूड बाण खेचताना टेकणीवरून, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवरून, मागे घसरला, तर हाताला गंभीर इजा होते. हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतो. स्पाइनचा, म्हणजे बाण किती वाकतो ते सांगणारा, आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक.

सराव धुऱ्यावर करणार असाल, तर मागे मातीचा बांध हवाच; पऱ्हाटीत शिरलेला बाण शोधण्यात संध्याकाळ जाते.